दुसरा सूर

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं पाळकसाहेबांच्या. बाकाच्या मधोमध बोट टेकवायचं, तिथून दोन मीटर मोजायचे, खडूने खूण करायची आणि पुढे सरकायचं. चर्च बंद होऊन पाच महिने झाले होते. कुलूप उघडल्यावर आधी जाणवला तो वास. लाकडाचा, गीतपुस्तकांच्या जुन्या कागदाचा आणि कोंडलेल्या हवेचा. भिंतीवरच्या फळीवर शेवटच्या उपासनेतल्या गीतांचे क्रमांक अजून तसेच होते. ते मीच लावले होते. त्यातलं शेवटचं गीत आम्ही उभं राहून, चारही सुरांत, भरल्या चर्चमध्ये गायलो होतो आणि मग दारात एकमेकांचे हात हातात घेऊन घरी गेलो होतो.

तो ८ मार्च २०२० चा रविवार. त्यानंतरच्या बुधवारी, ११ तारखेला, जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महामारी असल्याचं जाहीर केलं. पुढचा रविवार आला तो कुलूपबंद.

मोजणी संपली. एरवी १८० माणसं बसतात तिथे ४४ बसू शकणार होती. एक सोडून एक रांग बंद. भिंतीलगतच्या जागा चालतील, मधल्या वाटेलगतच्या नाहीत, कारण त्या वाटेने माणसं ये-जा करणार. एका घरातले शेजारी शेजारी बसले तर आकडा थोडा वाढला असता, इतकंच. पाळकसाहेब पहिल्या बाकावर टेकले, टेप गुंडाळत राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे चव्वेचाळीस कोण, ते आता कुणी ठरवायचं?"

बंद करताना आम्हाला काहीच ठरवावं लागलं नव्हतं. वरून सूचना आली, आम्ही कुलूप लावलं. उघडण्याचा निर्णय मात्र आमच्यावर सोडलेला होता. नियम सांगत होते की किती माणसं चालतील, किती अंतर हवं. कोणती माणसं, हे कुठलाच नियम सांगत नव्हता.

समितीत आम्ही सहा जण होतो. पाळकसाहेब, हिशेब बघणारे खजिनदार, मंडळीतले एक ज्येष्ठ वडील, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई, इमारतींमध्ये हवा खेळती ठेवण्याच्या यंत्रणा बसवणारा एक इंजिनिअर आणि क्वायरची जबाबदारी असलेली मी. ध्वनियंत्रणा सांभाळणारा मुलगा बोलावलं की यायचा.

पहिल्याच बैठकीत ज्येष्ठ वडिलांनी पवित्र शास्त्र उघडलं. इब्री लोकांस पत्र, दहावा अध्याय, पंचविसावं वचन. एकत्र मिळणं सोडू नका, असं त्यात सांगितलं आहे. ते हळू वाचत होते, पण आवाज कापत होता. वाचून झाल्यावर म्हणाले, "पाच महिने आपण हे सोडलंय. आणखी किती?"

एखादा पटकन म्हणेल की हे अडाणी श्रद्धेचं बोलणं. मला तसं कधीच वाटलं नाही. त्यांची पत्नी टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात गेली. दफनाला नियमाप्रमाणे मोजकी माणसं. चाळीस वर्षं ज्यांच्या सोबत बसले त्यांतलं कुणी घरी येऊन त्यांच्याजवळ बसलं नाही, कारण कुणी येऊच शकत नव्हतं. ते वचन वाचत होते तेव्हा मला त्यांच्या रिकाम्या घराचा आवाज ऐकू येत होता. त्यांना माणसं हवी होती. खरं तर आम्हा सगळ्यांना तेच हवं होतं.

उत्तर ताईंनी दिलं. त्या एरवी फारशा बोलत नसत. कोविड वॉर्डातली ड्युटी संपवून त्या बैठकीला बसायच्या, मास्कच्या दोऱ्यांचे वळ गालांवर तसेच असायचे. त्यांनीही शास्त्रच उघडलं. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस एकत्र घेण्याच्या वेळी काय चाललं होतं, त्याचं वर्णन तिथे आहे. जो तो आपापलं जेवण आधीच उरकतो, कुणी उपाशी राहतो, कुणी नको इतकं पितो, आणि ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना खाली मान घालावी लागते. पत्र लिहिणारा पौल त्यांच्यावर चांगलाच रागावलेला आहे. आणि एवढं रागावून शेवटी तो सांगतो काय, तर जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

"एकत्र या, हे खरंच," ताई म्हणाल्या. "पण यायचं कसं, तेही तिथेच लिहिलंय, काका."

त्या दिवशी ठरलं काहीच नाही. पण तेव्हापासून आमच्या प्रत्येक चर्चेत हे वचन डोकावत राहिलं. कुणी म्हणालं की तरुणांपुरती उपासना लगेच सुरू करू, की दुसरं कुणीतरी म्हणायचं, "आणि वाट कुणाची पाहणार आपण?"

मग आम्ही वाटून घेऊन प्रत्येक घरी फोन केले. कोण येऊ शकेल, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाला यायची भीती वाटते, कुणाकडे इंटरनेट नाही. मला वाटलं होतं, तासाभरात माझ्या वाट्याची यादी संपेल. तीन संध्याकाळी लागल्या. लोक प्रश्नांची उत्तरं देत नव्हते, ते बोलत होते. पाच महिन्यांचं साठलेलं बोलत होते. आणि एक गोष्ट सगळ्यांच्याच याद्यांमधून सारखी पुढे आली. चर्चला परतायची ओढ ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनाच तिथे येण्यात धोकाही सर्वांत जास्त होता. एकटे राहणारे, सत्तरी-ऐंशीतले, ज्यांचा आठवडा रविवारीच सुरू होऊन रविवारीच संपतो.

माझ्या यादीत शेवटचं नाव मावशींचं होतं. नात्याच्या नाहीत, पण मी क्वायरमध्ये पहिल्यांदा उभी राहिले ती त्यांच्या शेजारी. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्यांचा सूर आल्टो, आम्ही त्याला दुसरा सूर म्हणतो. मुख्य चालीच्या खाली चालणारा, एकटा ऐकला तर धड गाणंही न वाटणारा सूर. चार दशकं त्यांनी तोच गायला. गेली काही वर्षं फुप्फुसांच्या आजारामुळे त्या क्वायरमध्ये उभ्या राहत नसत, बाकावर बसून गायच्या. एका श्वासात ओळ पुरी होत नसे, मग मध्येच थांबून पुन्हा ओळ पकडायच्या.

मी त्यांना नियम सांगितले, अंतर सांगितलं, मास्क सांगितला. त्या सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते असू दे गं. गाणार आहात ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

गाण्याविषयीचं वाचन माझ्याकडे सोपवलं होतं. मी वाचायला बसले तेव्हा मनाने उत्तर आधीच ठरवलेलं होतं. कुठेतरी लिहिलेलं सापडेल की इतकं अंतर ठेवा, इतका वेळ गा आणि खुशाल गा. ते सापडलं नाही. सापडली ती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली, माउंट व्हर्नन नावाच्या गावातली गोष्ट.

१० मार्च २०२० ची संध्याकाळ. आमच्या शेवटच्या उपासनेनंतर दोनच दिवसांनी. स्कॅजिट व्हॅली कोरेल या गायकवृंदाची नेहमीची तालीम, एका चर्चच्या सभागृहात. ६१ जण आले होते. निष्काळजी लोक नव्हते ते. दारात हात स्वच्छ करायची सोय होती, हस्तांदोलन आणि मिठ्या त्यांनी टाळल्या होत्या. अडीच तास गायले. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले, काहींची तपासणीत खात्री झाली, काहींची लक्षणांवरून. तिघांना रुग्णालयात न्यावं लागलं. दोघं गेली.

ही माहिती मी रात्री वाचली आणि झोपले नाही. मला त्या सभागृहातल्या खुर्च्या दिसत होत्या. तालमीच्या मधल्या सुट्टीत माणसं कशी घोळक्याने उभी राहतात, ते दिसत होतं. आणि गाण्याने हे का होतं, हे वाचत गेले तसं जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं. मोठ्या आवाजात गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब बोलण्यापेक्षा जास्त बाहेर पडतात. आवाज जितका मोठा तितके जास्त. गायक श्वासही खोल घेतो, म्हणजे हवेतलं जे काही आहे ते फुप्फुसांच्या तळापर्यंत ओढून घेतो. श्वास पोटातून घ्या, तोंड नीट उघडा, शेवटचं अक्षर गिळू नका, समोरच्या भिंतीपर्यंत आवाज पोचू द्या. वीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले. चांगलं गाणं ज्या गोष्टींनी होतं, त्याच गोष्टींनी हा आजार पसरत होता.

जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असं जाहीर आवाहन केलं, तेव्हा दोन मीटरच्या खुणांवरचा माझा विश्वास डळमळला होताच. पुढे सिडनीतल्या एका चर्चमधली घटना वाचनात आली आणि उरलासुरलाही गेला. तीही जुलै २०२० चीच. क्वायरमधल्या एका अठरा वर्षांच्या गायकाला संसर्ग झालेला होता. त्याच्यापासून लागण झालेल्या १२ जणांपैकी काही जण त्याच्यापासून पंधरा मीटरपर्यंत लांब बसलेले होते. मास्क नव्हते, हवा खेळती नव्हती. पंधरा मीटर म्हणजे आमच्या वेदीपासून दारापर्यंतचं अंतर.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, की आत गाणं नको. क्वायर नाही आणि मंडळीनेही गायचं नाही. वाक्य दोन ओळींचं होतं, पण ते उच्चारताना माझा आवाज फुटला. खजिनदार म्हणाले की गाण्याशिवायची उपासना म्हणजे मिठाशिवायचं अन्न, आणि मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटेना. ते बरोबरच बोलत होते.

एक वाद मात्र मी घातला. कुणीतरी सुचवलं होतं, "ज्याला यायचं तो आपापल्या जबाबदारीवर येईल, तशी सही घेऊ." वरवर हे सरळ वाटतं. पण आर्कान्सासमधल्या एका ग्रामीण चर्चचा अहवाल मे महिन्यात प्रसिद्ध झाला होता. मार्चच्या सुरुवातीला तिथल्या कार्यक्रमांना आलेल्या ९२ जणांपैकी ३५ जणांना लागण झाली, त्यातले ३ जण गेले. आणि जे चर्चला आलेच नव्हते, पण या माणसांच्या संपर्कात आले, अशा आणखी २६ जणांना लागण होऊन त्यातलं एक जण गेलं. त्या माणसाने कुठल्या कागदावर सही करायची होती? ताई फक्त मान हलवत होत्या. वॉर्डात त्यांनी अशी माणसं रोज पाहिली होती.

इंजिनिअरने एके दिवशी खिशातून एक छोटं यंत्र काढलं, कार्बन डायऑक्साइड मोजणारं. आम्ही चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत बसलो होतो, मास्क लावून, खुर्च्या लांब लांब मांडून. सुरक्षिततेचीच चर्चा चालली होती. पाऊण तासाने त्याने आकडा दाखवला. १,६०० पीपीएमच्या वर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सोळाशेहून जास्त. बाहेरच्या हवेत तो चारशेच्या थोडा वर असतो आणि माणसाच्या उच्छ्वासात साधारण चाळीस हजार. त्याने कागदावर हिशेब मांडला. म्हणजे आत्ता आपण जी हवा आत घेतोय, तिच्यातला सुमारे तीन टक्के भाग या खोलीतल्या कुणाच्या तरी फुप्फुसांतून आधीच जाऊन आलेला आहे.

कुणी काही बोललं नाही. खजिनदार उठले आणि त्यांनी दार उघडलं. त्यानंतरच्या सगळ्या बैठका आम्ही अंगणात घेतल्या.

मग आम्ही चर्चच्या खिडक्यांकडे वळलो. बारा खिडक्या, आणि उघडणाऱ्या फक्त तीन. बाकीच्या दर काही वर्षांनी रंग देता देता चौकटींना चिकटून गेल्या होत्या. कधीपासून, ते कुणालाच आठवेना. बाहेरचा गोंगाट नको, धूळ नको, म्हणून त्या मिटल्या आणि मिटलेल्याच राहिल्या. दोन शनिवार आम्ही सुऱ्या आणि पत्रे घेऊन रंग खरवडत होतो. नववी खिडकी सुटली तेव्हा एवढा आवाज झाला की अंगणातली मुलं धावत आली. त्या खिडकीतून आत आलेला वारा मी अजून विसरलेले नाही. बारा खिडक्या उघड्या ठेवून, माणसं बसवून यंत्र पाहिलं, तर आकडा तासभर ७०० च्या आतच राहिला.

त्याआधी आम्ही बराच काळ बाक पुसत होतो, हेही सांगायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत आमच्या आराखड्याची दोन पानं नुसती पुसण्याविषयी होती. गीतपुस्तकं तीन दिवस हाताळायची नाहीत, दाराच्या कड्या दर अर्ध्या तासाने पुसायच्या, बाकांच्या पाठी, माइक, सगळं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर वेळी साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. ज्या बायका-पुरुषांनी ते बाक पुसले त्यांचं मला वाईट वाटलं नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं, आणि त्या पुसण्यात येणाऱ्या माणसाविषयीची माया होती. पण तेवढे हात आधी खिडक्यांना लागले असते तर बरं झालं असतं.

प्रभुभोजनाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. एकच प्याला सगळ्यांनी ओठांना लावायचा नाही, यावर दुमत नव्हतं. चर्च ऑफ इंग्लंडनेही मार्च २०२० मध्येच सामायिक प्याला थांबवला होता. छोट्या वेगवेगळ्या पेल्यांची पद्धत तशी नवी नाही. जंतूंविषयीचं ज्ञान पसरल्यावर १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या काही मंडळ्यांनी ती सुरू केली, तेव्हाही बरेच वाद झाले होते.

आणि मग पाळकसाहेबांनी आम्हाला ईमची गोष्ट सांगितली.

ईम हे इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं एक खेडं. १६६५ मध्ये तिथे प्लेग आला, लंडनहून आलेल्या कापडाबरोबर आला असं सांगतात. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन तेव्हा तिशीच्याही आतले. त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांच्याशी त्यांचे मतभेद होते, तरी दोघांनी मिळून गावाला पटवलं की कुणी सीमेबाहेर जायचं नाही, म्हणजे रोग शेजारच्या गावांत जाणार नाही. आणि १६६६ च्या उन्हाळ्यात मॉम्पेसन यांनी चर्चला कुलूप घातलं. उपासना थांबवली नाही. ती गावाजवळच्या एका घळीत, उघड्यावर नेली. कुटुंबं आपापल्या जागी, एकमेकांपासून लांब उभी राहायची आणि धर्मगुरू खडकापाशी उभे राहून बोलायचे. दफनं चर्चच्या आवारात होईनात, ज्याने त्याने आपली माणसं आपल्या शेतात, परसात पुरली. त्या ऑगस्टमध्ये मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन गेली. गावातली सुमारे २६० माणसं गेली असं मानतात. आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी लोक त्या घळीत उपासनेला जमतात.

जंतू कशाला म्हणतात हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तरी उघड्यावर जायचं आणि लांब उभं राहायचं, एवढं त्यांना सुचलं. त्याच्याही आधी, १५७६ च्या प्लेगमध्ये, मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारल्या होत्या, घरांत कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बघता यावी म्हणून. मला या दोन्ही गोष्टींत धैर्यापेक्षा कल्पकताच जास्त दिसली. उपासना हवी आणि माणूसही हवा, मग भिंत हलवा.

ज्येष्ठ वडील त्या रात्री मला फोनवर म्हणाले, "अंगणात घेऊ या ना मग." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि तिच्यासारखी जी गेली, त्यांची नावं घेऊ या."

अंगणातली पहिली उपासना तशीच झाली. खुर्च्यांची वर्तुळं, एका घराचं एक. कुणी कुणाला मिठी मारली नाही. शांतीचं अभिवादन हात छातीशी नेऊन, लांबून. लोक मास्कच्या वर नुसत्या डोळ्यांनी एकमेकांकडे इतका वेळ बघत राहिले, की पाळकसाहेबांना दोनदा सुरुवात करावी लागली. संदेश दिला नाही. सात नावं वाचली. त्यांतल्या तीन दफनांना मंडळीतलं कुणीच हजर राहू शकलं नव्हतं. प्रत्येक नावानंतर थोडा वेळ शांतता, आणि त्या त्या घराच्या वर्तुळातून येणारं रडणं. आपल्याकडे एकत्र दुःख करायचं राहून गेलं होतं, ते त्या दिवशी थोडं झालं. शेवटी आम्ही मास्क लावून, हळू आवाजात, एक कडवं गायलो. वारा होता, आवाज लगेच विरून जात होता. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

आत परतण्याची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा रुग्णसंख्या वाढली म्हणून. दुसऱ्या वेळी एक कुटुंब आम्हाला सोडून गेलं. तुमचा विश्वास कमी पडतो, असं सांगून गेलं. त्यांची मुलगी क्वायरमध्ये पहिला सूर गायची. मी तिला दोनदा निरोप पाठवला. त्यांना समजावण्यात आम्ही कुठे कमी पडलो, याचा विचार मी अजूनही करते. वाट पाहायला सांगणारे आम्ही, त्यांच्यासाठी थोडं आणखी थांबायला हवं होतं का?

लस येऊ लागली, बहुतेक ज्येष्ठांना मिळाली, तेव्हा २०२१ मध्ये आम्ही चर्चचं दार उघडलं. चव्वेचाळीस माणसं, दोन वेळा उपासना, पाळीपाळीने. पाळी ठरवताना एकटे राहणारे आधी, हे ठरलेलं होतं. आणि ज्यांना येताच येणार नाही त्यांच्यासाठी फोनची जोडणी. साधा फोन असला तरी चालेल, एक क्रमांक लावला की उपासना ऐकू येईल, अशी. ही ताईंची अट होती. नुसतं ऐकू यायला नको, त्यांचाही आवाज आत यायला हवा, म्हणून दर रविवारी शास्त्रवाचन घरी असलेल्या एका माणसाने करायचं असंही ठरलं.

मावशींना लस मिळाली होती, पण बंद जागेत बसू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या रविवारचं वाचन मी त्यांच्याकडे दिलं.

बारा खिडक्या उघड्या. वाऱ्याने वेदीवरचं कापड हलत होतं, त्याला कडेला वजनं लावली होती. स्पीकरमधून मावशींचा आवाज आला, थांबत, श्वास घेत. करिंथकरांस पत्र, अकरावा अध्याय. मी त्यांना कुठलं वाचन ते सांगितलं नव्हतं, ते ताईंनी निवडलं होतं. वाचून झालं. मग गीत. ठरल्याप्रमाणे ऑर्गन वाजणार होता आणि आम्ही उभं राहून, पुस्तक उघडं धरून, मनातल्या मनात शब्द वाचणार होतो. चव्वेचाळीस माणसं तोंड मिटून उभी. ऑर्गनवर चाल सुरू झाली. माझा श्वास आपोआप पोटात गेला आणि मी तो तसाच सोडून दिला.

दुसऱ्या ओळीला स्पीकरमधून आवाज आला.

ध्वनियंत्रणेवरच्या मुलाने मावशींचा फोन बंद केला नव्हता. त्या आपल्या खोलीत एकट्या होत्या, त्यांना गायची मनाई नव्हती, आणि त्या गात होत्या. चाल नाही. दुसरा सूर. चाळीस वर्षं जो गायला तोच. त्या पूर्ण चर्चमध्ये तेवढाच एक माणसाचा आवाज होता. मुलाने बटणावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, बंद करू का म्हणून. मी नको म्हणून हात हलवला.

फोनमधून आवाज जायला आणि यायला वेळ लागतो, त्यामुळे त्या ऑर्गनच्या मागे पडत होत्या. त्यात त्यांचा श्वास. ओळीच्या मध्ये थांबायच्या, पुन्हा पकडायच्या. ऑर्गन वाजवणारा मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला थांबायची सवय नाही, तालमीत मी त्याला नेहमी सांगते की घाई करू नकोस. त्याने पहिलं कडवं तसंच ओढत नेलं. दुसऱ्या कडव्याला मात्र ओळ संपल्यावर त्याने बोटं उचलली नाहीत. शेवटचा स्वर दाबून धरला, मान वळवून स्पीकरकडे बघत राहिला, मावशींची ओळ पुरी होऊन त्यांनी पुढचा श्वास घेतल्याचं ऐकलं, आणि मग पुढची ओळ सुरू केली.